कपाळावरची घडी आणि मानेवरचा डाग

ताप चढला की पाण्यात कोलन वॉटर घालायचे, त्यात रुमाल भिजवून पिळायचा आणि त्याची घडी कपाळावर ठेवायची, हा उपचार अनेक मराठी घरांत दोन-तीन पिढ्या चालला. आजाऱ्याला बरे वाटे आणि उशाशी बसलेल्यालाही आपण काही करत असल्याचे समाधान मिळे. थंडावा येई तो पाणी आणि अल्कोहोल यांच्या बाष्पीभवनामुळे. सुगंध मात्र मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालींतील तेलांचा. त्यातील एका तेलाचा स्वभाव पुरता कळायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्याची हकीकत येथे पाहू.

कोलोन हे जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठचे शहर. १७०९ मध्ये फारिना या इटालियन घराण्याची पेढी तेथे सुरू झाली. त्याच घराण्यातील जोव्हान्नी मारिया फारिना याने अल्कोहोलमध्ये सालींची तेले मिसळून एक हलका, ताजा सुगंध तयार केला आणि त्याला शहराचेच नाव दिले. कस्तुरीसारख्या जड वासांना सरावलेल्या युरोपला तो नवा वाटला. लोक हे पाणी अंगाला लावत, तसेच औषध म्हणून चक्क पीतही! पुढे १८१० मध्ये नेपोलियनने गुप्त औषधांचे घटक उघड करण्याचा हुकूम काढला, तेव्हा हे औषध नसून निव्वळ सुगंधी द्रव्य आहे, असे सांगून उत्पादकांनी आपले गुपित राखले. दावे आणि कायदा यांचा लपंडाव बराच जुना आहे म्हणायचा!

या सुगंधाचा प्राण म्हणजे बर्गामॉट. लिंबू आणि कडू संत्रे यांच्या संकरातून आलेले हे फळ. त्याचा गर आंबट आणि कडवट असल्याने ते सहसा कोणी सोलून खात नाही. त्याची लागवड प्रामुख्याने दक्षिण इटलीतील कालाब्रियाच्या किनारपट्टीवर होते. अर्ल ग्रे चहाचा वास याच फळाचा. तेल काढण्याची जुनी रीत मोठी कष्टाची होती. फळ अर्धे कापून गर काढायचा, साल पाण्यात भिजवायची आणि ती हाताने समुद्री स्पंजावर दाबायची. सालीतील तैलग्रंथी फुटत आणि तेल स्पंजात मुरे. तो स्पंज मातीच्या भांड्यात पिळत. १८४४ मध्ये निकोला बारिल्ला याने या कामासाठी यंत्र तयार केले. एक किलो तेलासाठी साधारण दोनशे किलो फळे लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुलाबाचे किंवा वाळ्याचे तेल आपण ऊर्ध्वपातनाने काढतो. त्यात वाफेबरोबर उडणारी द्रव्ये तेवढी वर येतात आणि बाकीची भांड्यातच राहतात. बर्गामॉटचे तेल मात्र थंड अवस्थेत दाबून काढतात, कारण उष्णतेने त्याचा नाजूक वास बिघडतो. दाबून काढलेल्या तेलात न उडणारी द्रव्येही उतरतात. त्यांपैकी एक स्फटिकी पदार्थ काल्ब्रुनर या रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्येच वेगळा केला होता. त्याचे नाव बर्गाप्टेन. पदार्थ हाती आला, पण तो त्वचेवर काय करतो हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

१९१६ मध्ये फ्रॉइंड या त्वचारोगतज्ज्ञाने कोलोन लावून उन्हात गेलेल्या रुग्णांच्या त्वचेवर तपकिरी डाग पाहिले आणि बर्गामॉट तेलावर संशय घेतला. १९२५ मध्ये रोझेंथाल याने अशाच डागांना गळ्यातील लोलकाच्या फ्रेंच शब्दावरून ‘बर्लोक’ हे नाव दिले, कारण डाग मानेवर थेंबाच्या ओघळाप्रमाणे लांबट दिसत. अत्तराचा थेंब जसा ओघळला तशीच त्वचा काळवंडली होती! सावलीत राहणाऱ्यांना मात्र काही होत नसे. आपल्याकडच्या तापकऱ्याच्या कपाळावर डाग का पडले नाहीत, याचे उत्तर यातच आहे. त्याला उन्हात कोण सोडणार? अखेर १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या कुस्के याने प्रयोगांनी दाखवले की दोष फ्युरोकुमारिन गटातील पदार्थांचा, म्हणजे त्या जुन्या बर्गाप्टेनचा आहे.

हे रेणू पेशीतील डीएनएच्या साखळीत शिरून बसतात. नुसते बसून ते फारसे काही करत नाहीत. त्यांच्यावर ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की ते डीएनएतील थायमिनशी पक्के जोडले जातात. मग त्वचा भाजल्यासारखी होते आणि लाली ओसरल्यावर उरलेला काळसर डाग कित्येक महिने टिकतो. ही ॲलर्जी नव्हे. पुरेसे तेल आणि पुरेसे ऊन मिळाले तर हे कोणालाही होऊ शकते.

गंमत अशी की याच गुणाचा औषध म्हणून उपयोग आपल्याकडे फार पूर्वीपासून होत होता. कोडावर बावचीचे बी लावून रुग्णाला उन्हात बसवणे, हा आयुर्वेदातील प्रसिद्ध उपचार. बावचीतील सोरालेन हे द्रव्य जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनज्ञांनी १९३३ मध्ये वेगळे केले. बर्गाप्टेन हे त्याचेच भावंड. इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी १९४८ मध्ये अशाच एका वनस्पतिजन्य द्रव्याने कोडावर उपचार केले. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरली गेली. अर्थात मात्रा मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दुसरीकडे, त्वचा लवकर सावळी व्हावी म्हणून हौसेने अंगाला फासायच्या तेलांत बर्गामॉट घातले जाई. हे आम्हांला मुळीच पटत नाही, कारण बर्गाप्टेन आणि अतिनील किरण यांच्या संयोगात कर्करोगाचा धोका संभवतो. युरोपीय समुदायाने १९९५ मध्ये सूर्यरक्षक आणि त्वचा सावळी करणाऱ्या प्रसाधनांत फ्युरोकुमारिनचे प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असा नियम केला. बर्गाप्टेन काढून टाकलेले बर्गामॉट तेलही आता मिळते.

बर्गामॉट आपल्याकडे नाही म्हणून निश्चिंत राहू नये. कागदी लिंबाच्या सालीतही फ्युरोकुमारिने असतात. चेहरा उजळावा म्हणून लिंबाची फोड चोळून उन्हात जाणे, हा उलटा उपाय आहे.

संत्र्याच्या तेलाचे मात्र वेगळे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि फ्युरोकुमारिने नगण्य. लिमोनीन तेलकट डाग विरघळवते, म्हणून घरसफाईच्या द्रवांत ते वापरतात. नागपुरी संत्र्याची साल फुगवलेल्या फुग्याजवळ पिळली तर फुगा फट्‌कन फुटतो, कारण लिमोनीन रबरात शिरून त्याला कमकुवत करते. पण बाटली उघडी राहिली तर लिमोनीनचे ऑक्सिडीकरण होते आणि तयार होणारी पेरॉक्साइडे ॲलर्जी आणू शकतात. स्वीडनमधील संशोधनातून १९९०च्या दशकात हे स्पष्ट झाले. तेव्हा तेल जुने झाले की ते त्वचेला लावू नये.

राहता राहिला मनाला शांत करण्याचा दावा. या वासाने चिंता थोडी कमी झाल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसते, पण सुगंध रुग्णापासून लपवायचा कसा, ही त्यांतली अडचण आहे. साखरेची गोळी औषधासारखी दिसू शकते, पण बर्गामॉटसारखा वास येणारे आणि तरी बर्गामॉट नसलेले काही आणणार कोठून?

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. टीपकागदाच्या दोन तुकड्यांवर, एकावर दाबून काढलेल्या आणि दुसऱ्यावर ऊर्ध्वपातित लिंबू तेलाचा एकेक थेंब टाकून ते दोन दिवस सावलीत ठेवावेत. दोन्हींचा वास बराच उडून जातो, पण पहिल्या कागदावर तेलकट डाग अधिक ठळक उरतो. न उडणारी द्रव्ये राहतात ती या डागात. प्रयोग संपल्यावर मुलांना साबणाने हात धुऊनच मैदानावर सोडावे.