खांच आणि माशी

पिस्तुलाची गोळी निशाणावर लागली नाहीं म्हणजे दोष कोणाचा, हाताचा कीं हत्याराचा? या जुन्या वादाचा उगम एका लहानशा पिस्तुलांत चांगला दिसून येतो.

अमेरिकेंतील सॅम्युअल कोल्ट याच्या कारखान्यानें १८४९ सालीं ०.३१ इंच व्यासाचें, खिशांत बाळगण्याजोगें रिव्हॉल्व्हर काढलें. तें १८७३ पर्यंत तयार होत असे. त्याच्या नळीच्या टोकाशीं पितळेचा एक बारीक मणी बसविलेला असे. हीच नेमाची माशी. मागची खांच मात्र घोड्याच्या माथ्यावर कोरलेली होती. कारण फिरत्या चक्रावरून जाणारी पोलादी पट्टी या पिस्तुलास नव्हतीच. मग खांच करावी कोठें? घोडा चढविला म्हणजे खांच दिसे, आणि घोडा सैल झाला असेल तर तिच्याबरोबर नेमही हाले.

असा नेम सुधारण्याचें साधन एकच, कानस. नियम सोपा आहे. खांच ज्या बाजूस न्यावी त्या बाजूस गोळी जाते. माशीचें नेमकें उलट. गोळ्या खालीं लागत असल्यास माशी घांसून ठेंगणी करावयाची. वर लागत असल्यास खांच खोल करावयाची. माशी व खांच यांत सहा इंचांचें अंतर धरलें, तर पंचवीस यार्डांवरील निशाण त्याच्या दीडशें पट दूर असतें. म्हणजे माशी इंचाचा शंभरावा भाग घांसली कीं गोळी तेथें दीड इंच वर चढते!

आणि घांसलेलें पितळ परत येत नाहीं. म्हणून एका चुकलेल्या गोळीवरून कानस उचलणें हा अविचार होय. त्या काळीं दारू स्वतः मापून भरावी लागे, व माप बदललें कीं गोळीची जागाही बदले. तेव्हां आधीं माप कायम करावें, हात टेकवून पांच गोळ्या झाडाव्या, मग निशाणाकडे पाहावें. गोळ्या चहूंकडे विखुरल्या असतील तर दोष बहुधा हाताचा. त्यावर कानशीचा इलाज नाहीं. त्या एकाच जागीं, पण मध्यापासून दूर जमल्या असतील, तरच दोष नेमाचा.

१८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांत चक्रावर पट्टी आली व खांच तींत स्थिर झाली. पुढें १८९० पासून इंग्लंडांत बिस्ले येथें नेमबाजीचे सामने भरूं लागले. त्या गांवाच्या नांवाचें रिव्हॉल्व्हर कोल्ट कारखान्यानें १८९४ मध्यें काढलें. त्याच्या सामन्यांसाठीं केलेल्या प्रकारांत खांच बाजूस सरकवितां येई व माशीही बदलतां येई. नंतर बारीक स्क्रू आले आणि केलेली दुरुस्ती मागें घेणें सुलभ झालें.

परंतु जें सुलभ झालें त्याचा मोहही वाढला. कानशीची भीति होती तोंवर मनुष्य आधीं आपला हात तपाशीत असे. स्क्रू हातीं आल्यावर प्रत्येक चुकीस तो पिळण्याची इच्छा होते. पांच गोळ्यांचा जुना नियम मात्र आजही तोच आहे: आधीं हात स्थिर करा, मग हत्याराला दोष द्या.