नाव गेले, नियम राहिला



१९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये सोखनूतच्या, म्हणजे ज्यूइश एजन्सीच्या, दारात ठाण मांडले. बायामाणसे, लेकरे, म्हातारी मंडळी, सगळी होती. दिवसामागून दिवस गेले तरी कोणी उठले नाही. त्यांना घर नको होते, नोकरी नको होती. विचारायचे होते ते एवढेच, की लग्न नोंदवायला गेल्यावर आमच्याच मुलामुलींना वेगळे प्रश्न का?

ही हकिगत आपल्या घराघरांत सांगितली जाते, पण बहुधा "शेवटी सरकार नमले" इथे ती संपते. सरकार नमले हे खरेच आहे. मात्र तेव्हा नेमके काय मिळाले, काय मिळाले नाही आणि आज तशीच वेळ आली तर दाद कुठे मागायची, हे मुलानातवंडांना सांगणारे आता थोडे उरले आहेत. म्हणून हा लेख.

प्रश्न कुठून आला

१४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेत इस्राएल राष्ट्राने धर्म, वंश वा लिंग न पाहता सर्व नागरिकांना सामाजिक आणि राजकीय समानतेचे वचन दिले. त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचे सोळावे कलम सांगते, की वयात आलेल्या स्त्री-पुरुषांना वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांची आडकाठी न येता लग्न करण्याचा हक्क आहे. पहिल्या कलमात "सर्व पुरुष" असा अर्थ निघू नये म्हणून "सर्व मानव" असे शब्द घालायला लावणाऱ्या हंसा मेहता भारताच्या प्रतिनिधी होत्या. म्हणजे आपण मागे सोडलेला देश आणि ज्या देशात आलो तो देश, दोन्हीकडे कागद चांगलेच होते.

अडचण होती ती अंमलाची. इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. नोंदणी अधिकाऱ्यापुढे सही केली की आजीची आजी कोण होती हे कोणी विचारत नाही. इस्राएलमध्ये अशी सरकारी लग्नाची सोय तेव्हा नव्हती आणि आजही नाही. दार एकच, आणि त्या दारावर रब्बी.

कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे शाब्बाथ पाळला, सुंता केली, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पण त्या काळात त्यांच्यात रब्बी नव्हते. तेव्हा घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, परक्यांशी सोयरीक झाली असेल का, अशा शंका काही रब्बींनी काढल्या आणि आपल्या मुलांची इतर ज्यूंशी लग्ने लावायला नकार दिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बी परिषदेने बेने इस्राएलांशी लग्न करण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. सर्वांना हायसे वाटले. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या. बेने इस्राएल वर किंवा वधू इतर ज्यूंशी लग्न करणार असेल, तर आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची पिढी तपासायची, आणि शंका आली तर प्रकरण रब्बींच्या न्यायालयात पाठवायचे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. सूचनेत आपल्या समाजाचे नाव लिहिले होते, आणि तेच सर्वांच्या जिव्हारी लागले.

दाद कुठे मागायची?

कोर्टात जाऊन हक्क मिळवणे आपल्या लोकांना नवे नव्हते. रंगूनमध्ये बगदादी ज्यूंनी सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्राएलांना बरोबरीचे मानले नाही, तेव्हा प्रकरण रंगूनच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९३५ साली निकाल आपल्या बाजूने लागला. तिथला प्रश्न संस्थेच्या कारभाराचा होता. त्यात न्यायाधीशाला हात घालता येत होता. इस्राएलमधला प्रश्न लग्नाचा होता, आणि तो कायद्यानेच रब्बींच्या हातात दिलेला होता.

बाहेरच्या जगाकडे पाहावे, तर १९६४ साली तिथेही दार नव्हते. १९४८ चा जाहीरनामा हा जाहीरनामाच. त्याच्या आधारे कोणत्या देशावर फिर्याद करता येत नाही. वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर १९६५ मध्ये झाला, आणि नागरी व राजकीय हक्कांचा करार डिसेंबर १९६६ मध्ये. आपले लोक रस्त्यावर बसले तेव्हा यांपैकी एकही अस्तित्वात नव्हता. म्हणून ते बसले. बैठा सत्याग्रह काय असतो हे मुंबईकडून आलेल्या माणसांना शिकवावे लागत नाही. त्याआधी १९५१ मध्येही बेरशेबाकडच्या आपल्या काही लोकांनी तेल अवीवमध्ये सोखनूतपुढे धरणे धरले होते आणि पुढच्या वर्षी त्यांतले काही जण भारतात परत गेले होते. १९६४ मध्ये मात्र परत जाण्याची मागणी नव्हती. याच देशात राहायचे, पण बरोबरीने, असे लोक म्हणत होते.

ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतमध्ये यावर चर्चा झाली. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी सरकारच्या वतीने सांगितले, की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत आणि व्यक्तिगत कायद्याच्या बाबतीतही त्यांचे हक्क इतर ज्यूंइतकेच आहेत. भेदभावाची भावना निर्माण करणारी कारणे रब्बी परिषदेने दूर करावीत, असे क्नेसेतने म्हटले. त्याच महिन्याच्या अखेरीस परिषदेने सूचना बदलली. "बेने इस्राएल" हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी, ज्यांच्याविषयी शंका येईल अशा कोणाचीही चौकशी करावी, असा मजकूर आला.

हा विजय होता. एका देशाच्या संसदेने आपले नाव घेऊन आपल्या बरोबरीची ग्वाही दिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण बारकाईने पाहिले तर नाव गेले आणि नियम राहिला. शंका घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच तो राहिला. म्हणूनच १९९७ मध्ये पेताह तिकवा इथे बेने इस्राएलांच्या लग्नाचा प्रश्न पुन्हा उभा राहिल्याची बातमी आली, तेव्हा ज्येष्ठांना तेहतीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. पुढे इथिओपियातून आणि रशियाकडून आलेल्या कुटुंबांनाही अशाच प्रश्नांना तोंड द्यावे लागले.

तीन कुलुपे

आज तरी परिस्थिती बदलली असेल, असे वाचकांना वाटेल. काही बाबतींत बदलली आहे. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी इस्राएलने नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केले. त्या कराराचे तेविसावे कलम लग्नाच्या हक्काचे आहे, आणि नेमक्या त्याच कलमाबाबत इस्राएलने राखीव अट घातली: व्यक्तिगत बाबी ज्याच्या त्याच्या धार्मिक कायद्याने चालतील आणि तो कायदा कराराशी विसंगत असला तरी तोच लागू करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या करारातही लग्नाविषयीच्या कलमावर अशीच अट आहे.

१९९२ मध्ये क्नेसेतने मानवी प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्याचा मूलभूत कायदा केला. त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे, की आधीपासून अमलात असलेल्या कायद्यांना यामुळे बाध येणार नाही. म्हणजे १९५३ चा कायदा जिथल्या तिथे. १९५३ चा कायदा, १९९१ ची अट आणि १९९२ चे दहावे कलम, अशी एकाच दाराला तीन कुलुपे आहेत.

तरीही काही खिडक्या उघड्या आहेत, त्या माहीत असाव्यात. पहिली बगात्सची, म्हणजे सर्वोच्च न्यायालय जेव्हा सरकारी अधिकाऱ्यांविरुद्धचे अर्ज ऐकते त्या पीठाची. १९६३ मध्ये फुंक-श्लेसिंगर खटल्यात याच न्यायालयाने ठरवले, की सायप्रसमध्ये झालेल्या सरकारी लग्नाची नोंद गृहखात्याने केलीच पाहिजे. आजही कित्येक जोडपी त्या निकालाच्या आधारे बाहेर लग्न करून येतात. दुसरी खिडकी राज्य नियंत्रकाच्या कार्यालयाची. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या कारभाराविषयी नागरिकांच्या तक्रारी तिथे १९७१ पासून घेतल्या जातात. तिसरी जिनिव्हाची. भेदभावाविरुद्धच्या करारात इस्राएल १९७९ पासून आहे, आणि त्यावर देखरेख करणारी समिती प्रत्येक देशाचा अहवाल तपासते. एकट्या माणसाची तक्रार तिच्याकडे चालत नाही, कारण इस्राएलने ती मुभा दिलेली नाही. भारतानेही दिलेली नाही. पण सरकारी अहवालाच्या जोडीला संस्था-संघटना आपला अहवाल पाठवू शकतात, आणि समितीचे सदस्य त्यातले प्रश्न सरकारी प्रतिनिधींना विचारतात. ती समिती शिक्षा करत नाही. सरकारला सर्वांसमोर उत्तर द्यायला लावते. १९६४ साली आपल्या लोकांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर हेच केले होते.

भारतात राहिलेल्या आपल्या माणसांचीही एक गोष्ट यात जोडतो. केंद्राच्या अल्पसंख्याकांच्या यादीत ज्यू समाज नाही. महाराष्ट्र सरकारने जून २०१६ मध्ये आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. मूठभर उरलेल्या समाजानेही मागत राहिले तर मिळते, याचा हा दाखला.

घरातले कागद

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चौकशीचा नियम आहे तोवर उत्तर कागदाने द्यावे लागते. आजी-आजोबांचा केतुबा, पनवेल, अलिबाग, रेवदंडा, ठाणे किंवा मुंबईच्या सिनेगॉगच्या वहीतली लग्नाची नोंद, कबरीवरच्या हिब्रू-मराठी लेखाचा फोटो, हे सारे आताच जमवा. पुष्कळ नोंदी मराठीत आहेत, जुन्या वळणाच्या अक्षरात आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे वयस्क झाली आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या, हिब्रूत व इंग्रजीत भाषांतर करून ठेवा, एक प्रत भावंडांकडे द्या.

आणि मुलांना १९६४ ची गोष्ट सांगाल तेव्हा पुरती सांगा. आपले पूर्वज दयेची याचना करायला बसले नव्हते. घोषणेत दिलेले वचन ते वसूल करत होते. त्यातले काही वसूल झाले. बाकीचे अजून येणे आहे.