गरुड कोणाला वाहून नेतो?

नांदेड येथे धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर एका मुलाने मला विचारले, "फादर, पुस्तकात संत योहानाजवळ बसलेला गरुड आणि गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातल्या चित्रात गुरुजींच्या हातावर बसलेला पक्षी एकच का?" प्रश्न लहान होता, परंतु त्याचे उत्तर शोधताना मला थेट एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेपर्यंत जावे लागले. कारण पक्ष्याच्या चित्राचा जेवढा उपयोग त्या देशाने करून घेतला, तेवढा क्वचितच कोणी केला असेल.

अमेरिकेने २० जून १७८२ रोजी आपली राजमुद्रा स्वीकारली. तीवरील पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या एका पंजात ऑलिव्हची फांदी आहे, तर दुसऱ्यात तेरा बाण. म्हणजे शांतीही आणि युद्धही. पुढे शिळाछापाचे तंत्र आले. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढावे आणि त्यावरून हजारो प्रती छापाव्यात, अशी ही स्वस्त कला. न्यूयॉर्कच्या करियर आणि आयव्ज यांच्यासारख्या छापखान्यांनी घरोघरच्या भिंतींसाठी रंगीत चित्रे पुरविली. छापील चित्रांतून गरुड ध्वजावर पंख पसरून उभा राहिला, आकाशात झेपावला, चोचीत बोधवाक्याची पट्टी धरून मिरवला.

छायाचित्रातला गरुड मात्र निराळा होता. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा विस्कॉन्सिन राज्याच्या आठव्या पलटणीला एक गरुडाचे पिल्लू मिळाले. ओजिब्वे या आदिवासी समाजातील लोकांनी ते एका शेतकऱ्याला मक्याच्या बदल्यात दिले होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या नावावरून सैनिकांनी त्याला 'ओल्ड एब' म्हटले आणि ध्वजाशेजारी काठीवर बसवून रणांगणावर नेले. पुढे त्याची कार्डाएवढी छायाचित्रे निघाली. १८६५ साली शिकागो येथे सैनिकांच्या साहाय्यार्थ भरलेल्या जत्रेत ती विकली गेली व जखमींसाठी पैसा उभा राहिला.

त्या काळी काचेवर ओले रसायन लावून छायाचित्र घेत. समोरच्याला काही सेकंद निश्चल राहावे लागे. उडता पक्षी त्या काचेवर उमटणे शक्यच नव्हते. म्हणून शिळाछापातला गरुड नभात विहरतो, तर छायाचित्रातला बैठकीवर बसून असतो. स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून मिरविलेला ओल्ड एब प्रत्यक्षात दोरीने बांधलेला होता! ज्या ओजिब्वे लोकांकडून तो आला, त्यांची बहुतेक जमीन १८३७ पासूनच्या करारांनी त्यांच्या हातून गेली होती. १८८१ साली राज्याच्या विधानभवनात आग लागली. धुराने खंगून तो पक्षी काही आठवड्यांत मेला. चित्र जेवढे भव्य, तेवढा त्यामागचा जीव दुर्लक्षित, असे तर होत नाही ना?

आता आपल्याकडे वळू. शिळाछापाने आपल्याही भिंती भरल्या. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ पासून, प्रथम मुंबईत व नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे, देवदेवतांची चित्रे छापू लागला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वेने नांदेड आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वेने लातूर बाहेरच्या बाजारपेठांशी जोडले गेले. या छापील चित्रांतही गरुड आहे. पण त्याच्या पाठीवर विष्णू बसलेला आहे. त्याची थोरवी पंखांच्या विस्तारात नसून तो कोणाला वाहून नेतो, यात आहे.

नांदेडचा पक्षी तर गरुडही नव्हे, तो बाज. श्री गुरु गोविंदसिंहजींनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. आजचे सचखंड श्री हुजूर साहिब महाराजा रणजितसिंह यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात उभे राहिले. चित्रांत गुरुजींच्या हातावर बाज दिसतो. पूर्वी बाज पाळणे हा राजेरजवाड्यांचा मान समजत; तोच पक्षी गुरूच्या हातावर बसला, की सत्तेचे ते चिन्ह धर्माच्या हाती आले, असा अर्थ पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो.

आणि आपला गरुड? यहेज्केल संदेष्ट्याच्या आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील चार प्राण्यांपैकी गरुड संत योहानाकडे आला; कारण त्याचे शुभवर्तमान उंचावरून, 'शब्दा'पासून आरंभ होते. अनेक जुन्या चर्चमध्ये वाचनपीठ गरुडाच्या आकाराचे असते. तेथे त्याच्या पसरलेल्या पंखांवर पवित्र ग्रंथ ठेवलेला असतो.

गंमत अशी, की राजमुद्रेवर मिरविणारा हा पक्षी कायद्याने अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी ठरला, तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये. तोवर चित्रांनीच त्याला ते पद बहाल केले होते. चित्राचे सामर्थ्य एवढे मोठे असते. म्हणूनच ते जपून वापरावयास हवे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळ, पक्षी निरनिराळे आहेत. पण कुठेही असा पक्षी दिसला, की त्याची चोच आणि नखे पाहून थांबू नकोस. तो कोणाला वाहून नेतो आहे, ते पाहा. आणि त्याच्या पायात दोरी तर नाही ना, तेही पाहा."