चीक, विरजण आणि चिंचोका

चतुर्थीच्या आधी ओळखीच्या एका चित्रशाळेत गेलो होतो. जुन्या मूर्तीवरून रबराचा साचा काढणे चालले होते. ब्रशने लावलेला चीक मूर्तीच्या उभ्या अंगावरून ओघळून पायाशी जमायचा, म्हणून कोणीतरी तो दाट करायला त्यात मूठभर प्लास्टर टाकले. बघता बघता बादलीत फाटलेल्या दुधासारखे गोळे! प्लास्टरमधले कॅल्शियम रबराचा चीक नासवते, हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नव्हते.

चीक दाट हवा, पण नासता कामा नये. हे साधायला माणसाला फार काळ लागला.

मेक्सिकोतल्या प्राचीन लोकांना तर तो नासलेलाच हवा होता. वेराक्रूझमधल्या एल मनाती येथे सापडलेले रबराचे भरीव चेंडू इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचे आहेत. रात्री पांढरी फुले उमलणाऱ्या एका वेलीचा रस ते चिकात घालत. हे विरजण पडले की थोड्या वेळात गोळा धरे, आणि तो नुसत्या वाळवलेल्या रबरापेक्षा लवचिक निघे. एमआयटीच्या संशोधकांनी १९९९ साली ही कृती प्रयोग करून दाखवली. गुडइयरच्या साडेतीन हजार वर्षे आधीची ही विद्या, पण रबराच्या गोष्टी आपण सुरू करतो त्या गुडइयरपासून!

युरोपला चीक पातळच हवा होता, तोही बोटीतून टिकून यायला हवा. त्यात अमोनिया घातला की तो नासत नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कळले. पण झाडाच्या चिकात रबर जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी बहुतेक पाणीच. ते पाणी बोटीतून कोण वाहणार? १९२० च्या दशकात दोन वाटा निघाल्या. एक, दुधासारखा चीक यंत्रात घुसळणे. दुसरी, त्यात शेवाळासारख्या वनस्पतींचा बुळबुळीत रस घालून तो स्वस्थ ठेवणे. रबराचे कण एकमेकांजवळ येतात, पण चिकटून गोळा होत नाहीत, आणि पाण्याहून हलके असल्याने सायीसारखे वर येतात. खालचे पाणी सोडून दिले की ६० टक्क्यांच्या आसपास रबर असलेला दाट चीक उरतो.

आपल्याकडे या सायीचे काम करतो चिंचोका! घोंगडीला ज्याची खळ देतात तोच. केरळात शिजवलेल्या चिंचोक्याची पूड अमोनिया घातलेल्या चिकात ढवळतात आणि साय यायला दोन-तीन दिवस थांबतात. आपल्या सत्तरीतही रबराच्या बागा आहेत, पण चिंचोक्याचा हा उपयोग इथे मला कोणी सांगितला नव्हता. असो.

साच्यासाठी मात्र हा दाट चीकही पुरत नाही. पहिला हात पातळच द्यायचा, म्हणजे दागिन्यांची नक्षी नीट उतरते, बुडबुडे राहत नाहीत. तो वाळल्यावर पुढच्या हातांना चिकासाठीच मिळणारे दाटवण थोडे थोडे मिसळायचे, मधे जाळीचे कापड घालायचे. प्लास्टर शेवटी, बाहेरच्या कवचाला.

त्या चित्रशाळेत ती बादली वाया गेली. दुसरी आणली तेव्हा चतुर्थीला सोळा दिवस उरले होते.