बिराजदार, हरिश्चंद्र

(५ जून १९५० – १४ सप्टेंबर २०११). मराठवाड्यातील नामवंत मल्ल आणि वस्ताद. जन्म रामलिंग मुदगड (ता. निलंगा, जि. लातूर) येथे. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत ते घडले. १९६९ मध्ये लातूरलाच भरलेल्या कुस्ती अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९७७ मध्ये बंगळुरूला त्यांनी नामांकित मल्ल सतपाल यांना चीत केले, त्या कुस्तीची आठवण जुने शौकीन आजही काढतात.

तरीही त्यांचे मोठे काम वस्ताद म्हणून झाले. पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी खेड्यापाड्यांतली पोरे घडवली. वस्तादाचा दिवस पहाटे सुरू होतो: जोर-बैठका करून घ्यायच्या, तेल, ताक, हळद घालून मळलेली हौदातली तांबडी माती उकरून घ्यायची, मग पकड कुठे सैल पडली ते जोडीत उतरवून दाखवायचे. पोराच्या खुराकाची काळजीही वस्तादाचीच. मातीत तयार झालेल्या पोराला मॅटवरच्या गुणांच्या कुस्तीसाठी पुन्हा घडवावे लागते, हे बिराजदारांच्या पिढीच्या वस्तादांपुढचे सर्वांत अवघड काम होते. बिराजदारांना २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील त्यांचे शिष्य राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि ते दिवंगत गुरूंना अर्पण केले.