दिनविशेष : १८ एप्रिल २०१४
सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आजच्या दिवशी वाहतुकीला खुला झाला. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांना सांधणारा हा रस्ता जेमतेम साडेसहा किलोमीटरचा. पण २००३मध्ये सुरू झालेले काम पुरे व्हायला अकरा वर्षे लागली! झोपड्यांचे पुनर्वसन, रेल्वेमार्गांवरचे पूल, एकामागून एक हुकलेल्या मुदती... मुंबईकरांच्या सहनशक्तीचा अंतच पाहिला या रस्त्याने. त्यावरचा दुमजली उड्डाणपूल मात्र देखणा, हे मान्य करायला हवे. चेंबूर-कुर्ल्याहून विमानतळ गाठणे त्यामुळे सोपे झाले. त्या वेळी दोन्ही महामार्गांच्या वेशीवर, दहिसर आणि मुलुंडला, टोल भरावा लागे. हलक्या वाहनांची त्यातून सुटका झाली ती थेट ऑक्टोबर २०२४मध्ये.