दर्शनी बाजू सगळ्यांची

मीरा रोडच्या जुन्या वसाहतींत ए विंग, बी विंग, सी विंग एकमेकींना चिकटून उभ्या असतात. जिना प्रत्येकीचा वेगळा, पुष्कळदा सोसायटीही वेगळी, मधली भिंत मात्र सामाईक. जागा वाचते, खर्च वाचतो. पण अनेक मालकांची घरं एका चेहऱ्यामागे बसवायची ही रीत बरीच जुनी आहे, आणि तिचं कूळ शोधत गेलं की आपण इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोहोचतो.

त्याआधी इंग्लंडमधलंच बाथ शहर. १७६७ ते १७७५ या काळात धाकट्या जॉन वूडने तिथे रॉयल क्रेसेंट उभारलं, अर्धचंद्राकार ओळीत ३० घरं. त्याने आखली ती समोरची बाजू. गिऱ्हाइकाने त्या दर्शनी भिंतीचा आपल्या वाट्याचा तुकडा घ्यायचा आणि मागचं घर आपल्या ऐपतीने बांधून घ्यायचं. म्हणून समोरून अखंड राजवाडा दिसतो, तर मागच्या बाजूला कुणाची खोली पुढे आलेली, कुणाची आत गेलेली. मला ही मागची बाजूही तितकीच आवडते. माणसं तिथे मोकळेपणी राहिली आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगितले आणि ब्रायटन हे मासेमारांचं गाव श्रीमंतांनी भरू लागलं. आता समुद्र दिसायला हवा होता. १८०७ पर्यंत तिथेही १४ घरांचं रॉयल क्रेसेंट पूर्ण झालं, तेही समुद्राकडे तोंड करून. बाहेर फुगलेल्या खिडक्यांतून पाणी तीन बाजूंनी दिसे. शेजारच्या होव्हमध्ये १८२०च्या दशकात ब्रन्सविक टेरेस झाली. तिथे दर्शनी भागाला एकच फिकट रंग ठरावीक वर्षांनी द्यावा, असं बंधन मालकांवर कायद्यानेच घातलं गेलं.

मुंबईत ही रीत आली ती आजच्या हॉर्निमन सर्कलला. १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वर्तुळातल्या इमारतींचे मालक वेगळे, कमानी एकसारख्या. समुद्रासमोर ही रीत उभी राहिली १९३०-४०च्या दशकांत, मरीन ड्राइव्हवर. बॅकबेच्या भरावावरच्या या इमारती एकमेकींपासून सुट्या आहेत, पण उंची जवळपास सारखी राखल्यामुळे डोळा त्यांना एकच ओळ म्हणून पाहतो. गजानन म्हात्रे यांचं १९३७चं ‘सूना महल’ कोपऱ्यावर कसं वळतं ते जरूर पाहावं. ब्रायटनच्या घरांपुढची गॅलरी लोखंडावर तोललेली होती, इथल्या गॅलरीची काँक्रीटची गोलाई थेट स्लॅबमधून बाहेर येते. खाऱ्या हवेने आतली सळई गंजते, प्लॅस्टर फुगतं, ती दुरुस्ती न संपणारी. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मुंबईच्या आर्ट डेको शैलीतल्या इतर वास्तूंबरोबर ही ओळही आली.

मीरा रोडला समोर समुद्र नाही. खाडी आणि मिठागरं आहेत, खारा वारा तोच. इथल्या चेहऱ्यावर प्रत्येक घराने आपापली बॉक्स ग्रिल बसवली, कुणी गॅलरी बंद करून खोलीत घेतली. जागेची टंचाई सोसलेल्या कुटुंबाला त्याबद्दल मी दोष देणार नाही. पण सोसायटीच्या उपविधींत बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि रंग हा सोसायटीचा खर्च मानला आहे, म्हणजे दर्शनी बाजू कागदावर आजही सामाईकच आहे. पुनर्विकास आला की हे सगळ्यांना एकदम कळतं: बी विंग तयार, ए आणि सी नाहीत, आणि भिंत तिघींची. मग तीन कमिट्या एका सतरंजीवर बसतात.